एका पात्याची दाढी : साध्या रेझरने न कापता, न सोलता दाढी कशी करावी

गेल्या दिवाळीत भाचा चार दिवस राहायला आला होता. एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. भाऊबीजेच्या सकाळी पाटावर बसला तेव्हा नव्या कुडत्याची कॉलर सारखी बोटाने मानेपासून लांब धरत होता. जवळ जाऊन पाहिलं तर कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना लालभडक पुटकुळ्या. दोन ठिकाणी तर केस कातडीच्या आतच गोल वळलेला स्पष्ट दिसत होता. म्हणाला, "मामा, दाढी केली की आग होते, नाही केली की टोचतं."

रेझर दाखव म्हटलं. पाच पात्यांचा निघाला. कार्ट्रिज, म्हणजे दांड्याला बसणारा पात्यांचा तयार ठोकळा, महाग म्हणून एकेक दोन-दोन महिने पुरवत होता, आणि घाईत कोरड्या चेहऱ्यावर डब्यातला फेस फासून वरखाली ओढत होता.

त्या चार दिवसांत मी त्याला माझ्या वडिलांच्या, म्हणजे त्याच्या अण्णाआजोबांच्या, पद्धतीने दाढी करायला शिकवलं. दीडेक महिन्यात मान साफ झाली. त्याला जे शिकवलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे. पहिल्यांदा रेझर हातात घेणारी मुलं, मानेवरच्या पुटकुळ्यांनी हैराण झालेले आणि कार्ट्रिजच्या खर्चाला कंटाळलेले, सगळ्यांना ते उपयोगी पडेल. केस किती भिजले, पातं कोणत्या कोनात टेकलं आणि कोणत्या दिशेने फिरलं, दाढी चांगली होते ती या तीन गोष्टींनी. पाती किती, याला फार कमी महत्त्व आहे.

एकाची पाच पाती कशी झाली

रेझर विकत घेण्याआधी हे माहीत असलेलं बरं, कारण दुकानातल्या फळीवर जे दिसतं ते याच इतिहासातून आलंय.

पूर्वी दाढी म्हणजे वस्तरा. धार लावायची, चामड्याच्या पट्ट्यावर घासून ती राखायची, आणि हात कसलेला हवा. म्हणून दाढी करायला न्हावी लागे. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्याच्या डोक्यात आलं की कागदासारखं पातळ पातं करावं, धार गेली की फेकून द्यावं. एवढ्या पातळ पत्र्याला कडकपणा आणि धार देता येणार नाही, असं पोलादातले जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या इंजिनिअरने ते जमवलं. १९०१ मध्ये बॉस्टनला कंपनी निघाली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. १९०४ मध्ये पेटंट मिळालं, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले तेव्हा एका पिढीच्या हातात हा रेझर बसला. ती माणसं घरी परतली ती रोज स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊनच.

१९२१ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपली आणि त्या मापाचं ब्लेड कोणीही बनवू लागलं. आजही ते माप बदललेलं नाही. अण्णांच्या रेझरमध्ये मी आज आणलेलं ब्लेड बिनचूक बसतं. ग्राहकाच्या दृष्टीने याहून चांगली गोष्ट नाही, पण कंपनीची मोठी अडचण हीच. दांडा एकदा विकला की ब्लेड कोणाचंही चालतं. त्यात १९६२ मध्ये इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस स्टीलचं ब्लेड आणलं. जुनं कार्बन स्टीलचं पातं दोन-तीन दाढ्यांत गंजायचं, हे त्याहून कितीतरी जास्त टिकायचं. खरी मोठी सुधारणा मी या ब्लेडला मानतो.

मग आलं कार्ट्रिज. १९७१ मध्ये जिलेटचा ट्रॅक टू, दोन पाती. १९९८ मध्ये मॅक थ्री, तीन. २००३ मध्ये शिक (Schick) या दुसऱ्या कंपनीने क्वाट्रो काढून चार केली, तर २००६ मध्ये जिलेटच्या फ्युजनने पाच. प्रत्येक नव्या दांड्याला त्याचंच कार्ट्रिज लागतं, आणि पैसे कार्ट्रिजमध्येच असतात.

भारताची गोष्ट तर यापुढची आहे. जिलेटने भारतासाठी रेझर करताना तो आधी अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना वापरायला दिला. त्यांना आवडला. इथे बाजारात आणला तर लोकांच्या हातात तो तुंबायला लागला. त्या विद्यार्थ्यांकडे नळाचं वाहतं पाणी होतं, इथे माणूस वाटीभर पाण्यात दाढी करतो. पात्यांच्या फटीत अडकलेले केस वाटीत खळबळून निघत नाहीत. पुढे भारतातल्या घरांत जाऊन, दाढी करणाऱ्यांना पाहून, २०१० मध्ये कंपनीने जिलेट गार्ड आणला. तेव्हा किंमत होती १५ रुपये, कार्ट्रिज ५ रुपयांचं, आणि पातं एक. जगाला पाच पाती विकणाऱ्या कंपनीला वाटीतल्या पाण्यासाठी पुन्हा एका पात्यावर यावं लागलं.

जास्त पाती मानेला का बाधतात

पहिलं पातं केसाला पकडून किंचित वर ओढतं. तो परत आत जाण्याआधी मागचं पातं त्याला कापतं. उरलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो. गाल गुळगुळीत लागतो तो यामुळेच. सरळ केसाच्या माणसाला यात काही त्रास नाही. पण केस कुरळा असेल, किंवा मानेवर आडवा वाढत असेल, तर कातडीखालून वर येताना तो बाहेरचा रस्ता चुकतो आणि बाजूच्या कातडीत शिरतो. शरीर त्याला काट्यासारखं वागवतं, म्हणून सूज, लाली, पुटकुळी. शिवाय पाच पात्यांचा एक हात म्हणजे त्याच जागेवरून पाच वेळा खरवडणं.

ज्यांना कार्ट्रिजने काही होत नाही त्यांनी खुशाल तेच वापरावं. पुढची बहुतेक तयारी त्यांनाही लागू आहे.

काय काय लागेल

रेझर तीन भागांचा घ्या : वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. पट्टीची कड सरळ असलेला घ्या, कंगव्यासारखे दाते असलेला नवशिक्याने टाळावा. दांडा जरा वजनदार असू द्या. चांगला रेझर काही शे रुपयांत येतो आणि पुढे मुलाला देता येतो.

ब्लेड दोन्ही बाजूंना धार असलेलं साधं स्टेनलेस. आपल्या लहानपणी सेव्हन ओ'क्लॉक, टोपाझ, सुपरमॅक्स ही नावं घरोघरी होती, सुपरमॅक्स तर ठाण्यातलंच. आजही एक ब्लेड साधारण दोन ते पाच रुपयांना पडतं. कुठलं ब्लेड कोणाच्या केसाला मानवेल ते वापरूनच कळतं, म्हणून आधी दोन-तीन प्रकारची छोटी पाकिटं आणा. एका ब्लेडने ओढलं म्हणून रेझरला दोष देऊ नका.

ब्रश आणि ट्यूबमधलं क्रीम किंवा दाढीचा साबण. अंगाचा साबण नको, त्याचा फेस लगेच वाळतो. शेवटी तुरटीचा खडा. एवढंच.

आदल्या दिवशीचं काम : केसांची दिशा

हे बहुतेक जण करत नाहीत, आणि मानेची निम्मी दुखणी इथे आहेत. दोन दिवस दाढी करू नका. खुंट वाढले की कोरड्या चेहऱ्यावरून बोटं चारही दिशांना फिरवा. ज्या दिशेला बोट गुळगुळीत जातं ती सुलट, जिथे खरखरतं ती उलट. गालावर केस बहुतेकांचे खाली जातात. मानेवर मात्र कोणाचे वर, कोणाचे आडवे, कोणाचा भोवरा असतो. भाच्याच्या डाव्या बाजूचे केस कानाकडे जात होते आणि उजव्या बाजूचे सरळ वर. म्हणजे तो दोन वर्षं मानेवर वरून खाली रेझर ओढत होता तेव्हा उजवीकडे रोज उलटी दाढी होत होती. कागदावर चेहऱ्याचं चित्र काढून बाण काढा, आरशाला चिकटवा. आठवड्याभरात पाठ होतं.

भिजवणं

कोरडा केस चिवट असतो, भिजला की फुगतो आणि मऊ पडतो. आंघोळीनंतर दाढी करणं सगळ्यात उत्तम. ते जमत नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल पिळून दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा. कढत पाणी नको, कातडी आधीच लाल होते.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. केसाहून पोलाद सुमारे पन्नास पट कठीण, तरी ब्लेड बोथट का होतं? एमआयटीतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून हे पाहिलं, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. धार सगळीकडून सारखी झिजत नाही. केस वाकून धारेला तिरका भेटला की धारेच्या कमकुवत जागी बारीकसा टवका उडतो. असे टवके वाढत जातात आणि पातं ओढायला लागतं. त्यामुळे धारेची अवस्था डोळ्यांना दिसणार नाही, ती गालालाच कळते. खुंट ओढल्यासारखा वाटला की त्याच दिवशी ब्लेड बदला.

फेस

ब्रश कोमट पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा, मग दोनदा झटका. हरभऱ्याएवढं क्रीम वाटीत किंवा सरळ गालावर घ्या आणि ब्रश गोल फिरवा. लागेल तसं थेंब-थेंब पाणी. सुरुवातीला मोठे बुडबुडे दिसतील, ते फेस नव्हेत. अर्ध्या-एक मिनिटात बुडबुडे बारीक होत जातात आणि फेटलेल्या दह्यासारखा चमकदार, ओला फेस होतो. ब्रश उलटा धरला तर तो ओघळता कामा नये. बोटांनी चोळून लावलेल्या क्रीमने हे होत नाही, कारण ब्रश फेस करता करता प्रत्येक खुंट उभा करतो आणि त्याच्या मुळाशी पाणी पोचवतो.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाचा फेस फाटतो, पांढरी कीट बसते. आपला साबण वाईट आहे असं वाटून लोक तो बदलत राहतात. फेसापुरतं अर्धी वाटी पिण्याचं पाणी घ्या, फरक लगेच दिसेल. रेझर धुवायला जड पाणी चालतं.

ब्लेड बसवणं

टोपी उलटी हातात धरा. ब्लेड नेहमी दोन आखूड कडांनी उचला, तिथे धार नसते. टोपीच्या खिळ्यांवर ठेवा, वर पट्टी, मग दांडा घट्ट फिरवा. फिरवताना टोपीही आखूड बाजूंनीच धरा. मग रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून पाहा : ब्लेड दोन्हीकडे सारखंच बाहेर हवं. एका बाजूला जास्त दिसलं तर सैल करून पुन्हा बसवा. पहिल्यांदा कापून घेणाऱ्यांतले बरेच इथेच चुकलेले असतात.

हात

आता मन लावून वाचा, कारण कार्ट्रिजची सवय इथे घात करते. कार्ट्रिजचं डोकं वळतं, कोन तेच सांभाळतं, म्हणून आपण ते दाबून ओढतो. हा रेझर तसा दाबला तर कापणारच.

टोपी गालावर सपाट टेकवा. दांडा गालापासून सरळ बाहेर, काटकोनात येईल. या स्थितीत ब्लेड कातडीला लागत नाही. आता दांडा हळूहळू खाली आणत रेझर अगदी थोडा पुढे सरकवा. एका क्षणी खुंट कापल्याचा चुर्र असा आवाज येईल. तिथे थांबा. तोच तुमचा कोन. पात्याचा कातडीशी साधारण तीस अंशांचा होतो, पण अंश मोजू नका, आवाज ऐका. अण्णा पडवीतल्या खिडकीशी आरसा टांगून, अॅल्युमिनियमच्या वाटीत पाणी घेऊन बसत आणि दाढी होईपर्यंत कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. त्यांचा हात थांबला की आवाजही थांबायचा, रेझरचा फेस ते वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यावर पुसून पुन्हा टेकवत. तो चुर्र चुर्र आवाज मला ओट्यावर बसून ऐकू यायचा. गप्प का राहत ते मला स्वतः हा रेझर धरल्यावर समजलं.

दांडा शेवटाशी, तीन बोटांत हलका धरा. दाब शून्य. रेझरचं वजन पुरे. हात दोन-तीन सेंटिमीटरचा, लांब नाही. रिकामा हात कधी मोकळा नसावा : त्याने कातडी ताणायची, फेसाने बोट निसटत असेल तर टॉवेलला पुसून. रेझर कधीही आडवा, धारेच्या रेषेत सरकवू नका. खोल चीर पडते ती तशीच. दोन-तीन हातांनंतर बाजू पालटा, मग पाण्यात खळबळा.

पहिल्या दिवशी फक्त गाल करा. कल्ल्यापासून खाली, सुलट. हनुवटी आणि मान नेहमीच्या रेझरने उरका. भाच्याला मी तीन दिवस एवढंच करू दिलं. त्याला ते फार वाटलं, पण चौथ्या दिवशी हात आपोआप हलका पडला.

अवघड जागा तीन. ओठावर वरचा ओठ दातांवर ओढून घ्या, नाकाखाली टोपी जवळजवळ सपाट ठेवून अगदी छोटे हात. हनुवटीवर एका हातात वळण पार करायचं नाही : वरचा भाग, मग पुढचा, मग खालचा, असे तुकडे करा. कंठमण्यावरून सरळ खाली येऊ नका. कातडी बोटाने बाजूला, सपाट जागेवर ओढा, तिथे दाढी करा, मग दुसऱ्या बाजूला ओढा. मानेवर आपला कागदावरचा बाण पाळा.

एकदा सुलट फिरून झालं की चेहरा ओला करून पुन्हा फेस लावा आणि आडवी फेरी घ्या, म्हणजे गालावर कानाकडून नाकाकडे. बहुतेकांना एवढ्याने पुरेशी साफ दाढी होते. उलट फेरी गालाला चालत असेल तर तिथेच आणि कधीतरी. ज्यांच्या मानेवर पुटकुळ्या येतात त्यांनी मानेवर उलट फेरी कधीच घेऊ नये. संध्याकाळी थोडी खरखर लागेल, लागू द्या. फेस नसलेल्या जागेवर रेझर परत फिरवू नका, "एवढंसं राहिलंय" म्हणून केलेल्या त्या एका हाताने सगळ्यात जास्त सोलवटतं.

नंतर

गार पाण्याने चेहरा धुवा. तुरटीचा खडा ओला करून सगळीकडे हलका फिरवा. जिथे झोंबेल तिथे दाब जास्त पडला होता, उद्यासाठी लक्षात ठेवा. तुरटी कातडी आवळते, त्यामुळे बारीक काप लगेच थांबतात. मिनिटभराने धुऊन टाका, टॉवेलने टिपा, चोळू नका. मग साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. स्पिरीटचा वास येणारं झणझणीत लोशन कातडी कोरडी करतं, मी ते घरात ठेवत नाही.

आधीच पुटकुळ्या असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत, दोन-तीन आठवडे, दाढी थांबवा किंवा ट्रिमरने खुंट ठेवून कापा. आत वळलेला केस सुईने उकरून काढू नका, डाग राहतात. पू, ताप किंवा गाठी असतील, मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि चालू वापरातला रेझर कोणाचा कोणी वापरायचा नाही, बाप-लेकांतही नाही. हेपटायटिस बी आणि सी रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातूनही पसरतात. सलूनमध्ये ब्लेड आपल्यासमोर मोडून अर्धं नवं बसवतायत ना, ते बघायला लाजू नका. चांगला कारागीर स्वतःहून दाखवतो.

ब्लेड किती दिवस, आणि मग कुठे

तीन ते पाच दाढ्या, दाट राठ केस असतील तर तीनच. दाढी झाली की रेझर सैल करून धुवा, झटका आणि बाथरूमबाहेर कोरड्या जागी ठेवा. ब्लेड टॉवेलने पुसू नका, धारही जाते आणि बोटही.

वापरलेलं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, कागदात गुंडाळूनही नाही. ओल्या कागदातून ते सहज बाहेर येतं आणि कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईच्या तळव्यात शिरतं. आमच्या गल्लीत कचरा घेणाऱ्या ताईंनी अंगठ्याला बांधलेली चिंधी दाखवून मला एकदा विचारलं होतं, "दादा, तुमच्या घरचं तर नव्हतं ना?" त्या दिवसापासून घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा माझ्या कपाटात आहे. झाकणाला ब्लेड जाईल एवढी अरुंद चीर पाडली की झालं. वर्षानुवर्षं तो भरत नाही. भरला की चिरेवर आणि झाकणावर चिकटपट्टी गुंडाळा, वर ठळक अक्षरात "ब्लेड" लिहा, आणि घंटागाडी आली की तो वेगळा, सांगून, हातात द्या.